धरणातील विजेचे शेवाळ

शत्रू म्हणजे अंगावर धावून येणारा, अशी आपली समजूत. जपानच्या कोनामी कंपनीने १९८९ साली काढलेल्या ‘टीनेज म्यूटंट निन्जा टर्टल्स’ या व्हिडिओ खेळात मात्र धरणाच्या पाण्यातला सर्वांत जाचक वैरी जागचा हलतही नाही. ते आहे शेवाळ. स्पर्श होताच विजेचा झटका देणारे! (प्रत्यक्ष सागरात असा डंख मारते ते फुलासारखे दिसणारे समुद्रपुष्प, आणि ते तर प्राणी.) कासववीरांनी २ मिनिटे २० सेकंदांत ८ बॉम्ब निकामी करावयाचे असतात. शेवाळांमधील वाट जेमतेम अंगापुरती. जपून पोहावे तर वेळ सरते, घाई करावी तर झटका बसतो. कित्येक मुलांचा खेळ याच धरणात बुडाला.