पगार विचारायला लाजू नका

माझ्या खालाचा मुलगा सोलापुरात बी.कॉम. झाला आणि त्याला पुण्यात एका खाजगी बँकेत नोकरी लागली. 'सहा लाखांचं पॅकेज' म्हणून घरात मिठाई वाटली गेली. सहा लाख म्हणजे महिन्याला पन्नास हजार, असा हिशेब सगळ्यांनी मनातल्या मनात करून टाकला. पहिला पगार खात्यात जमा झाला त्या संध्याकाळी त्याचा मला फोन आला. "भाई, काहीतरी चूक झालीय. पस्तीस हजारच आलेत."

चूक झाली नव्हती. जे काही होतं ते ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरच्या तक्त्यात लिहिलेलं होतं. ते पान घरात कुणी वाचलं नव्हतं, कारण असं पत्र त्या घरात याआधी कधी आलंच नव्हतं.

आम्ही दोघं फोनवरच हिशेबाला बसलो. मूळ वेतन वर्षाला २,४०,००० रुपये. घरभाडे भत्ता १,२०,०००. विशेष भत्ता १,००,०००. कंपनीने भरायचा पीएफ मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे २८,८००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे ११,५४४. आरोग्य विम्याचा हप्ता ९,६५६. आणि व्हेरिएबल पे ९०,०००. बेरीज बरोबर सहा लाख. पण दरमहा मिळणारी रक्कम फक्त पहिल्या तीन ओळींची, म्हणजे ३८,३३३ रुपये. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० रुपये वजा. हातात ३५,७३३. पीएफ त्याचाच आहे, पण तो आज खर्चायला नाही. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं टिकल्यावर. आणि ते नव्वद हजार टार्गेट पुरं झालं तर.

हा लेख त्या तक्त्याबद्दल आहे, आणि तक्त्यामागे चालणाऱ्या व्यवहाराबद्दल. मी स्वतः इंजिनीअर. गेली दहा-बारा वर्षं वित्त क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर लिहितो. इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली, ती कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. या क्षेत्रात पगार काम किती कठीण यावर ठरत नाही. तुमची खुर्ची पैसा येतो त्या जागेपासून किती लांब आहे, यावर ठरतो.

मोठ्या बँकेत ढोबळमानाने तीन थर असतात. फ्रंट ऑफिसमध्ये सौदे करणारे, मोठ्या कंपन्यांना कर्ज किंवा भांडवल मिळवून देणारे, श्रीमंतांची गुंतवणूक सांभाळणारे. त्यांच्या नावापुढे कमाईचा आकडा लिहिता येतो, म्हणून बोनसही त्या आकड्याच्या मापाने मिळतो. मिडल ऑफिसमध्ये जोखीम मोजणारे आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहणारे. बॅक ऑफिसमध्ये सौद्यांची नोंद, हिशेब, तपासणी आणि आमच्यासारखे सॉफ्टवेअरवाले. आम्ही रात्रभर जागून यंत्रणा चालू ठेवली तरी हिशेबात आमची जागा खर्चाच्या रकान्यात. खर्चाच्या रकान्यातल्या माणसाला बाजारभावाने पगार मिळतो, कमाईत वाटा मिळत नाही. त्या बदल्यात वाईट वर्षी त्याच्या पगाराला फ्रंट ऑफिसच्या बोनसइतका फटका बसत नाही.

मग माझा भाऊ तर थेट ग्राहकासमोर बसतो, त्याचा पगार कमी का? कारण फ्रंट ऑफिसातही एक प्रश्न उरतो: ग्राहक कुणाचा? वीस वर्षं ओळख जपलेला अधिकारी नोकरी सोडताना ग्राहक बरोबर घेऊन जाऊ शकतो. बँक त्याला सांभाळून घेते. शाखेत खाती, विमा आणि क्रेडिट कार्ड विकणारा नवा मुलगा गेला, तर त्याच खुर्चीवर दुसरा येतो. त्याला कमाईत वाटा नसतो, त्याला टार्गेट असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या अहवालात खाजगी बँकांतून नोकरी सोडणाऱ्यांचं सरासरी प्रमाण सुमारे २५ टक्के असल्याचं म्हटलं होतं. म्हणजे वर्षाला चारातला एक. आपली बरीच मुलं या क्षेत्रात शिरतात ती याच दारातून.

टार्गेट माणसाकडून काय करवून घेतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. वेल्स फार्गो बँकेत कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. त्याआधीच्या काही वर्षांत बँकेने सुमारे ५,३०० जणांना कामावरून काढलं होतं. त्यांतले बहुतेक खालच्या पगारावरचे होते. वरच्यांवर कारवाई झाली ती नंतर, गदारोळ झाल्यावर. म्हणून कुणी साहेब म्हणाला, "सही घेऊन टाक, ग्राहकाला नंतर समजावू," तर लक्षात ठेवा: इन्सेंटिव्ह वाटून घेतला जाईल, पण सही घेणाऱ्याच्या जागी नाव तुमचंच असेल.

पगाराने वागणूक बदलते हे नियामकांनाही ठाऊक आहे. २००८ च्या संकटानंतर जगभर यावर नियम झाले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये खाजगी बँकांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसाठी नियम कडक केले: एकूण मोबदल्याचा किमान निम्मा भाग कामगिरीवर अवलंबून हवा, त्यातला किमान ६० टक्के भाग तीन किंवा अधिक वर्षांत विभागून द्यावा, आणि नंतर गडबड उघड झाली तर तो रोखता किंवा परत घेता यावा. वरच्या माणसाच्या मोबदल्यावर इतका विचार झाला आहे. खालच्या मुलाला मात्र आपलं पत्र आपणच वाचावं लागतं.

आता बढतीचं. खाजगी क्षेत्रात पदनामावर जाऊ नका. गुंतवणूक बँकांत अ‍ॅनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर अशी शिडी असते. यातला व्हाइस प्रेसिडेंट मधल्या पायरीवरचा माणूस असतो. रिश्त्याच्या बायोडाटात 'बँकेत व्हाइस प्रेसिडेंट' वाचून दबकून जायचं कारण नाही. पहिल्या पायऱ्या कामाच्या जोरावर चढता येतात. पुढे जागा कमी होतात आणि तुमच्यासाठी बंद दारामागच्या बैठकीत कोण बोलतो याला महत्त्व येतं. तुम्ही किती काम केलं याची नोंद तुम्हीच ठेवली नाही, तर त्या बैठकीत कुणाला ते आठवत नाही.

सरकारी बँकांची शिडी वेगळी आणि उघडी आहे. पदवी आणि परीक्षा यांवर प्रवेश मिळतो. स्केल एकच्या अधिकाऱ्यापासून स्केल सातच्या महाव्यवस्थापकापर्यंत प्रत्येक पायरीचं वेतन छापील असतं. ८ मार्च २०२४ ला झालेल्या वेतन कराराप्रमाणे स्केल एकचं सुरुवातीचं मूळ वेतन ४८,४८० रुपये आहे, वर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा उत्तीर्ण झालं की वेतनवाढ मिळते. बदल्या आहेत, कामाचा ताण आहे, पण शेजारच्या टेबलावरच्याचा पगार गुपित नाही. इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रातल्या अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, तरी मुलं खुल्या गटातून अर्ज भरतात, कारण दाखला काढलेला नसतो. राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. बँकांच्या परीक्षेला केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरचा दाखला लागतो. जाहिरात येण्याची वाट पाहू नका, तहसील कार्यालयात आधीच जाऊन या.

काही वाचकांच्या मनात व्याजाचा प्रश्न असेल. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आहे आणि मी इथे निवाडा देणार नाही. एवढंच म्हणेन की वित्त क्षेत्र म्हणजे फक्त कर्ज देणं नव्हे. पैसे पाठवण्याच्या यंत्रणा, शेअर्सच्या नोंदी ठेवणाऱ्या डिपॉझिटरी, हिशेब तपासणी, सॉफ्टवेअर ही सगळी कामं त्यातच येतात. नोकरी घ्यायची की नाकारायची हे नक्की काय काम आहे ते पाहून ठरवा, ऐकीव गोष्टीवर नको.

शेवटी माझी गोष्ट. दुसऱ्या नोकरीत चार वर्षांनी मला कळलं की माझ्याच टीममध्ये, माझ्याच अनुभवाचा एक सहकारी माझ्यापेक्षा बराच जास्त पगार घेतो. तो माझ्यापेक्षा हुशार नव्हता, कमीही नव्हता. त्याचा मोठा भाऊ याच क्षेत्रात होता. या पदाला बाजारात काय दर आहे हे त्याने मुलाखतीआधी भावाला विचारलं होतं. मी आधीच्या पगारावर थोडी वाढ मागितली आणि मिळाली म्हणून शुक्र केला होता. त्या चार वर्षांतला फरक भरून निघाला नाही, कारण पुढची प्रत्येक वाढ त्याच कमी आकड्यावर टक्क्यांनी मिळत गेली.

आपल्या घरांत पगार सांगणं चांगलं मानत नाहीत. नजर लागते म्हणतात, बडेजाव वाटतो म्हणतात, आणि कमी असेल तर शरम वाटते. ज्यांच्या घरात दोन पिढ्या बँकेत आहेत त्यांना ही चुप्पी परवडते, कारण दर त्यांना जेवणाच्या दस्तरखानावरच कळतो. पहिल्यांदा या दारात शिरणाऱ्याला ती फार महाग पडते. नोकऱ्यांचंही तेच. आत काम करणाऱ्यांच्या शिफारशीतून बऱ्याच जागा भरतात, आणि आत आपला कुणी नसेल तर जागा होती हेसुद्धा कळत नाही.

म्हणून ऑफर लेटर हातात आलं की सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. दरमहा हातात किती? व्हेरिएबल कशावर ठरतं आणि गेल्या वर्षी या टीमला प्रत्यक्षात किती मिळालं? नोकरी लवकर सोडली तर जॉइनिंग बोनस परत करावा लागतो का? नोटीस किती महिन्यांची? हे विचारल्याने नोकरी जात नाही. समोरची व्यक्ती रोज असे प्रश्न ऐकते.

आणि जे आत पोचले आहेत त्यांना माझं सांगणं: आपली पगाराची पावती बिरादरीतल्या, मोहल्ल्यातल्या एका तरी धाकट्याला उघडून दाखवा. ओळन्‌ओळ समजावून सांगा. माझ्या भावाने आता तेच सुरू केलं आहे. त्याच्या कॉलेजचा एक मुलगा मुलाखतीला जाणार होता, तर याने त्याला आपला तक्ता फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, "मला सहा लाख सांगितले होते. आधी हे वाच."