तान्ह्याला मध नको



गेल्या अंकातले सर्दी-खोकल्याच्या घरगुती उपायांवरचे पत्र वाचले. अडुळशाबद्दल लिहिलेले पटले. त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन तयार झाले. मोठ्या मुलांचा रात्रीचा खोकला चमचाभर मधाने हलका होतो, हेही खरे. पण ‘तान्ह्या बाळालाही चाटवा’ हा सल्ला घातक आहे. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांचे विष स्नायू लुळे पाडते. मध उकळला तरी ते मरत नाहीत. सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची रीत आमच्याही घरात होती. नातवाच्या वेळी मी ती मोडली.

वाफाऱ्याचे पातेले कलंडून माझ्या भाचीचा पाय भाजला, व्रण अजून आहे. लहानांना वाफारा देऊच नये.

व्हिटॅमिन सी रोज घेऊनही सर्वसामान्यांची सर्दी टळत नाही. मोठ्यांचे दुखणे सरासरी ८ टक्के लवकर आटोपते, म्हणजे आठवड्यात जेमतेम अर्धा दिवस.

मुलाला धाप लागली, श्वासागणिक छाती आत ओढली जाऊ लागली, तर काढा उकळत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

— एक आजी, सातारा