क्लच बदलण्याआधी मागचं चाक हाताने फिरवून बघा



आज पिकावर नाही, मोपेडवर लिहितोय. कुणी म्हणेल शेताच्या नोंदींत गाडी कशाला? तर पनवेल-उरणच्या पट्ट्यात ज्यांची दहा-वीस गुंठे भाजी अजून उरली आहे त्यांना विचारा. 1970 ला सिडको आली, 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या, आणि उरलेल्या तुकड्यांवर टेम्पो परवडेल एवढा माल निघत नाही. शिराळी-काकडीच्या दोन करंड्या आणि पालेभाजीचं एक गाठोडं पहाटे स्टेशनबाहेर पोचवते ती मोपेड. युरियाची 45 किलोची गोणी आणते तीही मोपेडच. ती बंद पडली की त्या दिवशीची भाजी गुरांपुढे.

गेल्या जुलैत कामोठ्याच्या उड्डाणपुलावर माझ्या गाडीने दम सोडला. मूठ पिळतोय आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने. मागे कंटेनरवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, वर पाऊस, आणि खालून जळका वास. उतरलो, करंड्यांसकट ढकलत पूल ओलांडला. खारघरला पोचेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेलं.

मेकॅनिकने वास घेतला आणि गाडी स्टँडवर न लावताच सांगून टाकलं, "काका, क्लच गेला." मीही मान डोलावली. शू बदलले, मजुरी धरून साडेअकराशे गेले. दुसऱ्या दिवशी तोच पूल आणि तोच वास.

घरी येऊन गाडी मधल्या स्टँडवर लावली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेराही पुरा झाला नाही, जागीच थांबलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. चार दिवसांपूर्वी मीच चेन ताणली होती. चेन ताणायची म्हणजे मागचा अ‍ॅक्सल मागे सरकवायचा. माझ्या गाडीचा मागचा ब्रेक रॉडवर आहे. चाक मागे सरकलं की ब्रेकचा हातही मागे जातो, पण रॉडची लांबी तेवढीच राहते. म्हणजे पायाने न दाबताही ब्रेक थोडा लागलेलाच. मी चेनचे नट आवळले आणि ब्रेकचा नट ढिला करायचा विसरलो. चार दिवस गाडी ब्रेक ओढत पळाली आणि क्लचने मार खाल्ला. काढलेले शू मी पिशवीत घरी आणले होते, ते आत्ता बघितले. अस्तर भरपूर शिल्लक होतं, फक्त वरून काचेसारखं चकचकीत झालेलं. बारीक पॉलिश पेपर मारून आणखी वर्षभर चालले असते.

मेकॅनिकची चूक होतीच, पण माझी मोठी. टिलरचा बेल्ट सैल झाला तर आपण इंजिन खोलायला देत नाही. आधी बेल्ट बघतो, ताण बघतो. मोपेडच्या बाबतीत मात्र "ओढत नाही" म्हटलं की आपण थेट क्लचवर पोचतो. माझं म्हणणं उलटं आहे. तपास चाकापासून सुरू करा आणि इंजिनाकडे या. चाक, ब्रेक, चेन, मग क्लच. पहिल्या तीन गोष्टी बघायला पैसा लागत नाही, दहा मिनिटं लागतात.

त्याआधी एक काम कानाचं. चढावर मूठ पिळल्यावर आवाज चढतो की दबतो, ते ऐका. आवाज चढत जातो आणि गाडी मात्र तिथंच, तर ताकद इंजिन आणि चाकाच्या मध्ये कुठेतरी सुटते आहे. क्लच घसरत असेल किंवा चेन दात सोडत असेल. चेन दात सोडते तेव्हा कट-कट झटके बसतात, क्लच घसरतो तेव्हा झटका नसतो, वास असतो. आवाजच दबत असेल, गाडी बसल्यासारखी होत असेल, तर क्लचकडे जाऊ नका. ब्रेक घासतोय, टायरात हवा कमी आहे, एअर फिल्टर चिखलाने बंद आहे, यातलं काहीतरी असतं. ब्रेकचा संशय असेल तर दोन किलोमीटर ब्रेक न मारता चालवा आणि मागच्या हबवर पाण्याचे चार थेंब टाका. चुर्र झालं तर उत्तर मिळालं. हात लावून बघू नका, मी लावला होता.

मोपेडचा क्लच आपल्या ओळखीचाच आहे. गोफण आठवा. जेवढी जोरात फिरवाल तेवढा दगड बाहेर ओढ घेतो. इथे दगडाच्या जागी शू आहेत. इंजिन फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि ड्रमला आतून घट्ट लागतात. इंजिन मंदावलं की स्प्रिंग त्यांना परत ओढते. यातली मेख अशी, की फिरण्याचा वेग दुप्पट झाला तर बाहेर पडायचा जोर चौपट होतो. आणि वेग निम्मा झाला तर जोर चौथाई. म्हणून दोन गोण्या लादून, अर्धी मूठ धरून, चढावर हळूहळू कण्हत जाणं हा क्लच जाळायचा सगळ्यात सोपा मार्ग. शू धड चिकटलेले नसतात, धड सुटलेलेही नसतात, नुसते घासत राहतात. सिग्नलला चढावर ब्रेक न धरता मुठीवर गाडी तोलून ठेवतात तेही तसंच. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी-चाफेवाडीकडे माल नेणाऱ्यांनी दोन खेपा कराव्यात. पेट्रोल थोडं जास्त जाईल, क्लच राहील.

ग्रास कटरलाही हाच क्लच असतो, आकाराने लहान. मूठ सोडल्यावरही पातं फिरत राहिलं तर आयडल जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. आधी आयडलचा स्क्रू, मग स्प्रिंग. मोपेड उभ्या जागी पुढे सरकत असेल तर तिथेही हाच क्रम. कटरचं फिरतं पातं पायाजवळ असतं, म्हणून ते काम उद्यावर टाकू नका.

ऑइलबद्दल थोडं. ज्या फोर-स्ट्रोक मोपेडमध्ये क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, तिथे घरातलं उरलेलं कारचं ऑइल ओतू नका. कारच्या ऑइलमध्ये बऱ्याचदा घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, आणि क्लच तर घर्षणावरच चालतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 लिहिलेलं बघून घ्या. एमबी लिहिलेलं ओल्या क्लचसाठी नाही. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा क्लच कोरडा असेल तर उलटी गोष्ट, तिथे सील गळून ऑइल शूवर गेलं की तो घसरतो.

आता चेन. आपल्याकडे खरी मारेकरी तीच. खाडीचं खारं वारं, चार महिने पाऊस, त्यात डंपरने सांडलेली खडी-माती. साताऱ्या-सांगलीकडची चेन जेवढी टिकते तेवढी इथे टिकेल ही अपेक्षाच सोडा. वरून तेल दिसतं, पण झीज आतल्या पिनांत होते. मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून बाहेर ओढा. दात अर्धा उघडा पडला तर चेन संपली. पट्टीनेही कळतं. अर्ध्या इंचाच्या पिचची चेन असेल तर 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. आठवा भाग इंच जास्त भरली तर चेन एक टक्का लांबली. मग नुसती चेन बदलू नका, दोन्ही चक्रांचे दात बघा. शार्कच्या दातासारखे वाकलेले असतील तर तिन्ही वस्तू एकत्र बदला. झिजलेल्या चक्रावर नवी चेन म्हणजे नवी चेनही काही महिन्यांत भंगारात.

ताण बघताना चाक हळूहळू पूर्ण फिरवा. एका जागी चेन घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली लागेल. घट्ट जागेवर ढील ठेवून ताणा, गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो तेवढा. ढिल्या जागेवर ताणलीत तर घट्ट जागी तुटेल नाहीतर बेअरिंग खाईल. दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आल्या का बघा. लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे असू द्या. आणि शेवटी, माझ्यासारखं न विसरता, ब्रेकचा नट परत लावून चाक हाताने फिरवा.

काही पोरं सायकलीला इंजिनाचं किट लावतात. त्याच्या क्लचची केबल सतत लांबते. मागचं चक्र आऱ्यांवर नट-बोल्टने बसवलेलं असतं, ते मधोमध नसलं की चेन हमखास उतरते, आणि उतरलेली चेन चाकात अडकली तर माणूस थेट रस्त्यावर. शिवाय 25 सीसीवरचं इंजिन लावलं की ती कायद्याने मोटार गाडी, नोंदणी आणि विमा हवाच. महामार्गालगत राहणाऱ्यांना माझा सल्ला, हा उद्योग नको.

कृषी विभागातल्या आणि विज्ञान केंद्रातल्या मित्रांना एक विनंती. यांत्रिकीकरणाच्या अनुदानात ट्रॅक्टर आहे, पॉवर टिलर आहे. मोपेडला अनुदान द्या असं मी म्हणत नाही. पण टिलरच्या प्रशिक्षणाला बोलावता तेव्हा एक तास मोपेडच्या चेन-ब्रेकला द्या. टिलर वर्षातून पंधरा-वीस दिवस चालतो, मोपेड रोज. 1972 ला लूना आली तेव्हापासून आपला माल या गाड्या वाहतायत. आता 2024 ला लूना बॅटरीवर परत आली आहे, तिला हा क्लच नाही. पण घासणारा ब्रेक तिथेही बॅटरी खाणारच.

चेनला मी सध्या रॉकेल-डिझेलने धुऊन, पूर्ण सुकवून, 90 नंबरचं गिअर ऑइल लावतो, पावसात दर आठवड्याला. इंजिनचं काळं ऑइल लावून बघितलं, त्यावर माती थापली जाते. उरण-अलिबागकडच्या मंडळींचं वारं आमच्यापेक्षा खारं. तुम्ही काय लावता आणि ते किती दिवस टिकतं, ते सांगा.