परवाना त्याचा, घर तिचंही

गेल्या हिवाळ्यात पुण्यात आले होते, तेव्हा एका बैठकीत एका तरुण कार्यकर्तीनं मला विचारलं, "तुम्ही इंग्लंडमध्ये राहता. तिकडे बायकांना स्वसंरक्षणासाठी बंदूक सहज मिळते का हो?" मी म्हटलं, "नाही. बाईलाच काय, पुरुषालाही मिळत नाही." तिला ते खरं वाटेना. मग बराच वेळ चर्चा रंगली. कुणी म्हणालं, बाईच्या हातात बंदूक आली की पुरुष वचकून राहतील. कुणी २०१४ सालच्या 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरची आठवण काढली. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून काढलेलं, .३२ बोअरचं, साधारण अर्धा किलो वजनाचं. किंमत सव्वा लाखाच्या आसपास! दिल्लीतल्या ज्या मुलीच्या मरणानं देश हादरला, तिला दिलेल्या नावावरून हे नाव घेतलेलं. मैत्रिणींनो, त्या बैठकीत मला जे नीट मांडता आलं नाही, ते आज लिहिते आहे.

मी इंग्लंडच्या ग्रामीण भागात बरीच वर्षं राहते आहे. आमच्याकडे बंदूक म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली वस्तू. ससे पीक खातात, कोल्हे कोकरं पळवतात, हरणं कोवळी झाडं सोलतात. त्यामुळे कायदा माहीत नसला तरी बोअरची भाषा कानावर पडतेच.

इथला मूळ कायदा १९६८ चा. परवाना देतात स्थानिक पोलीस, पाच वर्षांसाठी. त्याचे मुख्य प्रकार दोन: एक रायफलीचा, दुसरा शॉटगनचा, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीचा. रायफल हवी असेल तर प्रत्येक रायफलीसाठी वेगळं 'योग्य कारण' दाखवावं लागतं. मला बंदुकीची आवड आहे, हे कारण चालत नाही. माझ्या जिवाला धोका आहे, हेही चालत नाही. (उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे, तिथे हे कारण धरलं जातं.) शिकार करणार असाल तर कोणता प्राणी, कुणाच्या जमिनीवर, त्या मालकाची परवानगी आहे का, हे सांगायचं. नेमबाजी करणार असाल तर मान्यताप्राप्त क्लबचं सभासदत्व दाखवायचं. आणि परवान्यावर रायफलीचा कॅलिबर, म्हणजे नळीचं माप, लिहिलेलं असतं. .२२ चा परवाना असताना .२४३ ची रायफल विकत घेता येत नाही. काडतुसं एका वेळी किती विकत घ्यायची आणि घरात किती ठेवायची, याचेही आकडे त्यावर असतात. नवा माणूस असेल तर बहुधा फक्त पोलिसांनी त्या कॅलिबरसाठी योग्य ठरवलेल्या जमिनीवरच ती चालवायची, अशी अट असते.

मापांनाही तर्क आहे. सशासाठी .२२ ची छोटी गोळी पुरते. कोल्ह्यासाठी .२२३ सारखी वेगवान गोळी. हरणासाठी मात्र १९९१ च्या हरीण कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये किमान मर्यादा घातली आहे: नळीचं माप .२४० इंचापेक्षा कमी नको आणि गोळीची ताकद १७०० फूट-पौंडांहून कमी नको. म्हणून हरणं मारणारे बरेच जण .२४३ घेतात, ती या मर्यादेत जेमतेम बसते. मोठ्या तांबड्या हरणासाठी काहींना .३०८ बरी वाटते. मुंटजॅक आणि चिनी पाणहरीण या लहान जातींसाठी मर्यादा खाली आणली आहे, .२२० इंच आणि १००० फूट-पौंड. हे सगळं कशासाठी? तर कमी ताकदीच्या गोळीनं हरीण मरत नाही, जखमी होऊन तडफडत राहतं. ते होऊ नये म्हणून. यात वाईट काहीच नाही. मुक्या जिवाच्या वेदनेचा इतका बारीक हिशेब कायद्यानं करावा, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण हाच हिशेब घरात राहणाऱ्या बाईच्या बाबतीत कसा होतो, ते मी एका स्वयंपाकघरात बसून पाहिलं आहे.

माझ्या शेजारणीच्या नवऱ्याकडे दोन रायफली होत्या, .२२ आणि .२४३. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा त्यानं .३०८ ही मागितली. चौकशी अधिकारी घरी आले. त्या दिवशी मी तिच्याकडे सहज गेले होते. पुढच्या खोलीत तासभर दोघांचं बोलणं चाललं होतं. .२४३ असताना .३०८ कशाला? त्या जमिनीवर तांबडी हरणं खरंच येतात का? गोळी चुकली तर मागे मातीचा उतार आहे का? भिंतीला ठोकलेलं पोलादी कपाट त्यांनी हलवून पाहिलं. चावी कुठे असते ते विचारलं. ती जागा परवानाधारकाखेरीज घरातल्या कुणालाही माहीत असता कामा नये, असा नियम आहे. बायकोलाही नाही. निघताना ते स्वयंपाकघराच्या दारात आले. नवरा शेजारीच उभा. "तुमची काही हरकत नाही ना?" त्यांनी तिला हसत विचारलं. ती म्हणाली, "माझी कसली हरकत? माझ्यापेक्षा त्या रायफलींवरच त्याचं जास्त प्रेम आहे." सगळे हसले. मीही हसले आणि त्यांच्या कपात चहा ओतला.

पुढे काही वर्षांनी ती ते घर सोडून निघाली. मग एकदा माझ्याकडे बसून तिनं सांगितलं. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. घरात वाद झाला की तो न बोलता वर जायचा, कपाट उघडायचा, रायफल खाली आणायचा आणि जेवणाच्या टेबलावर फडकं पसरून ती साफ करत बसायचा. ती समोर बसलेली. मुलं वर झोपलेली. एक शब्द नाही. साफ करून झाली की पुन्हा कपाटात. "त्या दिवशी दारात त्यांनी विचारलं तेव्हा मी काय सांगणार होते?" ती म्हणाली. "रायफल साफ करणं हा काय गुन्हा आहे?"

तेव्हा तरी त्याला गुन्हा म्हणायला कुणी तयार झालं नसतं. जोडीदाराला धाकात ठेवण्याला इंग्लंडमध्ये गुन्हा म्हणायला २०१५ चा कायदा यावा लागला. तिनं घर सोडल्यावर सगळं पोलिसांना सांगितलं, तेव्हा त्या बंदुका ताब्यात घेतल्या गेल्या. मला मात्र त्या चहाच्या कपाची अजून लाज वाटते. बाईला नवऱ्यासमोर विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नसतो, हे इतकी वर्षं बायकांच्या गटात काम करूनही त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही.

माझ्या शेजारणीचा जीव वाचला. सगळ्यांचा वाचत नाही. १ जानेवारी २०१२ रोजी डरहॅम परगण्यातल्या हॉर्डन गावात एका माणसानं आपली जोडीदार, तिची बहीण आणि भाची, अशा तिघींना गोळ्या घातल्या आणि मग स्वतःला. त्याच्याकडे सहा बंदुका होत्या, सगळ्या परवान्याच्या. घरातल्या मारहाणीच्या तक्रारी पोलिसांच्या दप्तरी होत्या. अर्ज तपासणाऱ्यानं परवाना नाकारावासा वाटतो असं लिहूनही ठेवलं होतं. तरी परवाना मिळाला. २००८ मध्ये त्यानं स्वतःला मारून घेण्याची धमकी दिली तेव्हा बंदुका काढून घेतल्या, आणि परत दिल्या! त्यानंतर, २०१३ मध्ये, घरगुती हिंसाचाराबद्दल पोलिसांना नव्या सूचना निघाल्या. १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्लिमथच्या कीहॅम भागात एका तरुणानं आधी आपल्या आईला मारलं, मग रस्त्यावर चौघांना. त्यात तीन वर्षांची एक मुलगी होती. त्याचीही शॉटगन मारहाणीच्या प्रकरणावरून काढून घेतलेली होती आणि महिन्याभरापूर्वीच परत दिली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये एप्समला एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला आणि तिच्या सात वर्षांच्या मुलीला नवऱ्यानं मारलं. तीही परवान्याचीच बंदूक.

प्रत्येक घटनेनंतर नियम थोडा पुढे सरकतो. १९८७ च्या हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर मोठ्या काडतुसांच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली. १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. तेव्हा सामान्य आयाबायांनी गल्लोगल्ली सह्या गोळा केल्या आणि १९९७ मध्ये पिस्तुलं बंद झाली. २०२१ पासून डॉक्टरांकडून आरोग्याची माहिती घेणं सक्तीचं झालं. पण घरातल्या बाईचा आवाज कुठे आहे?

अर्जासाठी ओळख देणारी माणसं लागतात. रायफलीसाठी दोन; शॉटगनसाठी एकच पुरे होतं, तिथेही २०२५ मध्ये दोन केले. ही माणसं नात्यातली चालत नाहीत. म्हणजे त्याचा क्लबमधला मित्र चालतो, पण दारामागचा माणूस जिला ठाऊक आहे ती चालत नाही. हितसंबंध नकोत म्हणून हा नियम आहे हे मला समजतं. पण मग तिला ऐकण्याची दुसरी सोय हवी. ती पोलिसांच्या मर्जीवर आणि वेळेवर सोडून कशी चालेल? आणि शॉटगनचं तर आणखीच वेगळं. रायफलीसारखं प्रत्येक बंदुकीमागे कारण तिथे द्यावं लागत नाही. एकदा परवाना मिळाला की सुरक्षित ठेवायला जागा असेल तितक्या साध्या शॉटगन घेता येतात. जे हत्यार शेताच्या बांधावरून थेट माजघरात येतं, त्याचाच नियम सैल!

कॅनडात वेगळी वाट आहे. १९८९ मध्ये माँट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका माणसानं १४ स्त्रियांना, त्या स्त्रिया होत्या म्हणून, मारलं. त्यानंतर बायकांनी चळवळ केली आणि १९९५ मध्ये नवा कायदा आला. तिथे अर्जात आताच्या जोडीदाराचं आणि गेल्या दोन वर्षांतल्या जोडीदाराचंही नाव द्यावं लागतं. त्यांची सही घेतली जाते. सही नसेल तर अर्ज आल्याचं त्यांना कळवलं जातं.

यावर आमच्या गटात एक आक्षेप निघाला, आणि तो खरा आहे. बाईची सही मागितली की नकाराचं खापर तिच्या डोक्यावर फुटतं. "तुझ्यामुळे माझा परवाना गेला," हे वाक्य ऐकणारी तीच असते. म्हणून मला तिची संमती नको आहे. मला तिची माहिती हवी आहे, आणि निर्णयाची जबाबदारी पोलिसांची. तिला वेगळ्या दिवशी, एकटीला, घराबाहेर विचारा. तिच्या भाषेत विचारा, आणि दुभाषी नात्यातला नको. आमच्याकडे गुजराती, पंजाबी, मराठी बायकांसाठी दिराला नाहीतर मुलाला दुभाषी म्हणून बसवलेलं मी पाहिलं आहे. आधीच्या बायकोलाही विचारा. तिनं काय सांगितलं ते त्याला कधीच कळू देऊ नका. विचारणं प्रत्येक अर्जात सक्तीचं करा, म्हणजे हिच्याच बाबतीत का विचारलं, असा संशय राहणार नाही. आणि पाच वर्षांच्या मधे तिनं तक्रार केली तर बंदूक त्याच दिवशी घराबाहेर न्या.

आता पुन्हा पुण्याच्या बैठकीकडे. आपल्याकडे स्वसंरक्षणासाठी परवाना मिळू शकतो, आणि तो बहुतेक वेळा पुरुषाच्याच नावावर असतो. बाईला बंदूक द्या, या मागणीमागचा राग मला समजतो. पण बाईला धोका बऱ्याचदा घरातूनच असतो. तिथे पर्समधलं .३२ बोअर काय कामाचं? कपाट एकच, घर एकच, आणि ताकद ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्या हाती ते लागायला कितीसा वेळ? नळीच्या मापावर वाद घालण्याआधी ती ज्या घरात जाणार आहे तिथली सत्ता कुणाकडे आहे, हे आपण विचारायला हवं.

तेव्हा एक छोटं काम सुचवते. आपल्या केंद्रात मारहाणीची तक्रार घेऊन बाई येते तेव्हा आपण बरंच काही विचारतो. त्यात आणखी दोन प्रश्न घाला: घरात परवान्याची बंदूक आहे का? ती दिली तेव्हा तुला कुणी एकटीला विचारलं होतं का? काय उत्तरं मिळतात ती लिहून ठेवा आणि या अंकाच्या पत्त्यावर कळवा. मी इकडे आमच्या गटात तेच करते आहे. आणि आता चहा ओतण्याआधी स्वयंपाकघराचं दार लावून घेते.