फुलपाखराचे अर्धे चित्र

फुलपाखरे पाहावयाची तर कोकणच्या ओलसर किनाऱ्यावर किंवा सह्याद्रीच्या रानातच गेले पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. जालना जिल्ह्यातील मुलांनी मात्र त्यासाठी खंत करण्याचे कारण नाही. श्रावण-भाद्रपदात अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातील मोसंबीच्या बागेत सकाळी जो उभा राहील, त्याला काळ्या पंखांवर पिवळट ठिपके आणि मागच्या पंखांवर तांबडा डाग मिरविणारे लिंबाचे फुलपाखरू बहुधा दिसेलच.

पूर्वी संग्राहक फुलपाखरे जाळ्यात धरून टाचणीने पेटीत टोचून ठेवीत. त्याऐवजी छायाचित्र घेणे केव्हाही चांगले. तथापि फुलावर बसलेले पाखरू टिपले की काम संपले, असे मानणारा निरीक्षक अर्धेच पाहतो. उरलेले अर्धे पानावर असते. मादी मोसंबीच्या कोवळ्या पानांवर एकेक वाटोळे, फिकट पिवळे अंडे घालते. त्यातून निघालेली तपकिरी-पांढरी अळी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून शत्रूंच्या नजरेतून सुटते. मोठी होताच ती पानासारखी हिरवी होते. तिला काडीने हळूच डिवचले, तर डोक्यामागून तांबूस, दुभागलेले शिंग बाहेर काढून ती उग्र वास सोडते. (शिंगे फुटण्यापूर्वी वासरेही असाच आव आणतात!)

अळ्या चिखलातून आपोआप निपजतात, असे युरोपात पुष्कळ लोक मानीत, त्या काळी मारिया सिबिला मेरियन या जर्मन चित्रकर्तीने १६७९ मध्ये सुरवंटांवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. तिने फुलपाखरू एकटे रंगविले नाही. त्याची अळी, कोश आणि अळीचे खाद्य असलेली वनस्पती एकाच चित्रात दाखविली. कॅमेरा नसताना तिने जे साधले, ते कॅमेरा हाती असलेल्यांनी सोडावे काय?

येथेच एक अडचण उभी राहते. बागाइतदाराला ही अळी शत्रू वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. रोपवाटिकेतील कोवळे रोप थोड्याशा अळ्याही निष्पर्ण करून टाकतात. ज्या मोसंबीवर घर चालते, तिची रोपे छायाचित्रासाठी गमवावीत, असे त्याला सांगणे अन्यायाचे होईल. परंतु सरसकट विष फवारणेही अविचाराचेच. या फुलपाखराच्या अंड्यांत आपली अंडी घालून त्यांचा नाश करणारे अतिसूक्ष्म कीटकही त्यात मरतात. रोपांवरील अळ्या हाताने वेचाव्यात, मोठ्या झाडांवरील थोड्या राहू द्याव्यात. वेचलेली अळी बांधावरच्या बेलावर सोडता येते. बेलाची पानेही तिचे खाद्यच आहे.

पाखरू स्थिर राहावे म्हणून त्याला बर्फाने गारठविणे किंवा चिमटीत धरणे निंद्य होय. पंखांवरील रंगीत धूळ म्हणजे सूक्ष्म खवले; झडले की ते पुन्हा येत नाहीत. पाऊस उघडल्यावर ओढ्याकाठच्या ओल्या मातीतील क्षार शोषण्यासाठी नर फुलपाखरे जमतात. तेव्हा आपली सावली त्यांच्यावर पडू न देता हळूहळू जवळ जावे. छायाचित्राखाली तारीख, गाव आणि झाडाचे नाव लिहावे. अंडे, अळी, कोश आणि पाखरू अशी चारही चित्रे मिळावयास सुमारे एक महिना लागतो.