निवडणारा वेगळा, ऐकणारा वेगळा

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, हे त्यातले एक. न्यायालयासमोर प्रश्न होता तो परीक्षांच्या ओझ्याखाली जीव देणाऱ्या मुलांचा. पण निवासी प्रबोधिन्या आणि वसतिगृहेही या तत्त्वांच्या कक्षेत येतात. त्यामुळे मैदानावर वाढणाऱ्या मुलांसाठी आपण काय करणार, हे महाराष्ट्राला आता ठरवावे लागेल. समुपदेशक नेमावा की नाही, हा वाद संपला आहे. तो कोणाच्या हाताखाली काम करणार, यावर मात्र कोणी फारसे बोलत नाही, आणि आमच्या मते सारे काही त्यावरच अवलंबून आहे.

खेळाडू विद्यार्थ्याचे वर्ष कसे जाते ते पाहा. पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धा सुरू होतात. मग जिल्हा, विभाग, राज्य. त्यातून श्वास घेईपर्यंत फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा दारात उभी. स्पर्धेतल्या कामगिरीवर दहावी-बारावीचे क्रीडागुण मिळतात आणि पुढे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणाचा दरवाजा उघडतो. म्हणजे पंधरा वर्षांची मुलगी धावते तेव्हा घराची भाकरीही तिच्यासोबत धावत असते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीत घडला, रेल्वेत नोकरीला लागला आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकला. ही वाट खरी आहे, म्हणूनच तिच्यावर इतकी गर्दी आहे. कुस्तीच्या घरांत तर दूध, तूप, बदामाचा खुराक पुरवता पुरवता कर्ज होते, आणि ते कोणासाठी काढले हे पोराला ठाऊक असते.

समुपदेशकाच्या कल्पनेवर जुन्या जाणत्या प्रशिक्षकांचा आक्षेप असतो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद पोराला पहाटेच्या जोर-बैठकांपासून रात्रीच्या जेवणापर्यंत पाहतो. ताटातली भाकरी उरली, लढतीत हात आखडला, तर पोराच्या मनात काहीतरी सलते आहे हे त्याला न सांगता कळते. आठवड्यातून एकदा फाईल घेऊन येणाऱ्या परक्या माणसाला ते कसे दिसणार? शिवाय हरणे, मार खाणे, पुन्हा उभे राहणे हे खेळाचे अंगच आहे. प्रत्येक पराभवानंतरच्या अश्रूंना आजार म्हटले, तर मुलांचा आपल्याच बळावरचा विश्वास उडेल. यात तथ्य आहे.

पण याच वस्तादाच्या, याच प्रशिक्षकाच्या हातात संघाची यादी असते. झोप लागत नाही, सरावाला जावेसे वाटत नाही, वजन उतरवण्यासाठी दोन दिवस पाणी टाळले, हे त्याला सांगणे म्हणजे स्वतःचे नाव खोडायला पेन्सिल हातात देणे. प्रशिक्षक कितीही मायाळू असला तरी हे बदलत नाही, कारण अडचण त्याच्या स्वभावात नसून त्याच्या अधिकारात आहे. आणि त्रास देणाराच अधिकारपदावर असला तर? जानेवारी २०२३ मध्ये जागतिक पातळीवर पदके जिंकलेल्या कुस्तीपटूंना महासंघाच्या अध्यक्षांविरुद्धची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसावे लागले. त्यांना दाद मागायला दुसरी जागा सापडली नाही, तर वसतिगृहातल्या आठवीच्या मुलीने कोणाकडे जावे?

दुसरा प्रस्ताव आहे सगळ्यांच्या सक्तीच्या मानसिक तपासणीचा. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, शिफारशींत खेळाडूंची अशी चाचणी आहे. तिथे पाच लाखांहून अधिक विद्यार्थी खेळाडू आहेत आणि मोठ्या विद्यापीठांत चाचणीनंतर उपचार करणारी माणसेही आहेत. आपल्याकडे प्रश्नावली भरून घेणे सोपे आहे. ती वाचून त्याच आठवड्यात मुलाशी बोलणारा माणूस मिळणे अवघड. एखादे मूल मोठ्या धीराने खरे उत्तर लिहील आणि कागद कपाटात जाईल. त्याहून वाईट म्हणजे तो कागद निवड समितीच्या टेबलावर येईल. मुलांना हे पक्के कळते, मग सगळीच ‘ठीक आहे’वर खूण करतात. म्हणून तूर्त सक्तीची तपासणी नको, असे आमचे मत आहे.

आधी हवा तो ऐकणारा माणूस. त्याची नेमणूक आणि पगार क्रीडा खात्याकडे न ठेवता जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे द्यावा. शंभरापेक्षा कमी मुले असलेल्या जवळपासच्या दोन-तीन संस्थांना मिळून एक समुपदेशक पुरेल. त्याने कार्यालयात बसण्याऐवजी सरावाच्या वेळी मैदानावर यावे, म्हणजे वस्तादांचा आक्षेपही बराचसा निवेल. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहेच, फक्त वसतिगृहातल्या मुलांना खासगीत फोन करता आला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मुले अल्पवयीन असल्याने जीवाला धोका किंवा अत्याचार असेल तिथे गुप्तता बाजूला ठेवावीच लागेल. ही मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावी.

सर्वांत कठीण निर्णय जागेचा आहे. गुडघ्याचे लिगामेंट फाटले तर मैदानावर परतायला नऊ महिने लागू शकतात, आणि मन खचलेल्या मुलाला किती लागतील हे कोणी आधी सांगू शकत नाही. तेवढा काळ त्याची प्रबोधिनीतली जागा राखून ठेवायची, तर बाहेर रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या गुणी मुलाचे वर्ष जाते. हा अन्याय खरा आहे, आणि त्याची किंमत बहुधा आणखी एखाद्या गरीब घरालाच मोजावी लागेल. तरीही आमचा कौल एक वर्ष जागा राखण्याच्या बाजूने आहे. ती हमी नसेल तर समुपदेशकापाशी कोणी मन मोकळे करणार नाही. बाहेर थांबलेल्या मुलासाठी दर वर्षी दोन-चार जादा जागा मंजूर करणे राज्याला जड जाऊ नये, आणि येत्या अर्थसंकल्पात क्रीडा खात्याने पहिली मागणी तीच करावी.