गुलाल कुणाचा, जागा कुणाच्या?

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. २८८ पैकी २३० जागा महायुतीला. आमच्या नाक्यावर ढोल-ताशे, गुलाल. कार्यकर्ते नाचत ओरडत होते, ‘लाडक्या बहिणींनी जिंकून दिलं!’ हरलेल्या बाजूचे कार्यकर्तेही तेच म्हणत होते, फक्त कुत्सितपणे: ‘बायका दीड हजारांत विकल्या गेल्या.’

मला दोन्ही वाक्यं सारखीच अपमानाची वाटतात. एकाला बाई ओवाळणी घेणारी दिसते, दुसऱ्याला विकाऊ. शेतकऱ्याने कर्जमाफीसाठी मत दिलं तर तो हक्क मागतो, आणि बाईने पैशाकडे पाहून दिलं तर ती विकली जाते? सरकारी तिजोरी तिचीही आहे.

वाढलेल्या जागा मोजणाऱ्या या मंडळींनी बायकांच्या जागा मात्र मोजल्या नाहीत. मी मोजल्या. २५ सुद्धा भरत नाहीत! एक-तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्येच झाली होती. तेव्हाच लागू केली असती तर ९६ जागा आपल्या असत्या. पण आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, अशा अटी घालून तिला दाराबाहेर उभं केलं.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी मत मागायला येतील त्या सगळ्यांना विचारू या: ओवाळणीचं राहू द्या, उमेदवारी किती जणींना देताय?